गरज सरो, गाल्गो मरो!

स्पेनमध्ये जानेवारी संपला की सशाच्या शिकारीचा हंगाम संपतो आणि त्यासोबत असंख्य शिकारी कुत्र्यांची ‘नोकरी’ही. या कुत्र्यांसाठी दर फेब्रुवारीत तिथली तरुणाई रस्त्यावर उतरते. त्यांची मागणी एका ओळीची आहे : तेच कुत्रे, तोच कायदा.

फेब्रुवारी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सबमिशन्स, गॅदरिंग, व्हॅलेंटाइन वीक आणि फारच सिन्सिअर असाल तर परीक्षेचं टाइमटेबल. स्पेनमधल्या प्राणी-बचाव संस्थांना मात्र फेब्रुवारी म्हटलं की फोनची रिंग आठवते. हायवेच्या कडेला एक हाडकुळा कुत्रा चार दिवस एकाच जागी बसून आहे. गावाबाहेरच्या विहिरीतून केकाटण्याचा आवाज येतोय. पेट्रोल पंपामागे एक मादी आहे, पाय मोडलाय, पण कुणाला जवळ येऊ देत नाही. जागा बदलतात, वर्णन मात्र बहुतेक वेळा तेच असतं. लांब पाय, निमुळतं तोंड, आत गेलेलं पोट आणि माणूस दिसला की खाली जाणारी मान.

हा गाल्गो. पूर्ण नाव गाल्गो एस्पान्योल, म्हणजे स्पॅनिश ग्रेहाउंड. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्याला न पाहताही भेट दिली असेल, कारण १६०५ मध्ये आलेल्या सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीच्या अगदी पहिल्याच वाक्यात नायकाच्या मालमत्तेत एक वेगवान गाल्गो आहे. त्याही आधी, मध्ययुगात, स्पेनमधल्या काही शहरांच्या कायद्यांत गाल्गो चोरणाऱ्याला दंड सांगितलेला होता. सरदार-जमीनदारांचा हा मानाचा कुत्रा होता. आज हाच गाल्गो स्पेनच्या नव्याकोऱ्या प्राणी कल्याण कायद्यातून वगळला गेलाय. हे झालं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे.

मैदानात नेमकं होतं काय?

गाल्गो वासावर शिकार करत नाही, नजरेवर करतो. मोकळं माळरान, दूरवर हललेला ससा आणि हा सुटला! ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेग. या शिकारीत बंदूक नसते. शिकारी शेतातून रांगेत चालत जातात, ससा उठला की दोन गाल्गो एकदम सोडतात आणि मग सगळा खेळ कुत्र्यांच्या पायांवर.

या प्रकाराच्या रीतसर स्पर्धाही होतात. एका कुत्र्याच्या गळ्यात लाल पट्टा, दुसऱ्याच्या गळ्यात पांढरा. घोड्यावर बसलेला पंच मागून दौडत असतो. पुढे कोण राहिला, सशाला वळायला कुणी लावलं, याचे गुण दिले जातात. या स्पर्धेची राष्ट्रीय पातळी आहे, चषक आहे, क्रीडा महासंघाचा शिक्का आहे. कास्तियाच्या पठारावर आणि आंदालुसियातल्या कित्येक गावांत गाल्गो पाळणं ही पिढीजात गोष्ट आहे. पाळणाऱ्याला ‘गाल्गेरो’ म्हणतात.

आता यातली ग्यानबाची मेख. ससा सरळ पळत नाही, तो झटकन दिशा बदलतो. नवखा गाल्गो त्याच्या प्रत्येक वळणामागे धावतो. पण दोन-तीन हंगाम काढलेल्या गाल्गोच्या लक्षात येतं की ससा डावीकडे गेला तरी शेवटी समोरच्या झुडपाकडेच येणार. मग तो मधूनच आडवा जातो. शॉर्टकट मारतो. तुम्ही-आम्ही याला हुशारी म्हणू. गाल्गेरोंच्या भाषेत अशा कुत्र्याला ‘सुसिओ’ म्हणतात, म्हणजे घाणेरडा. तो नियमाप्रमाणे पळत नाही, म्हणजे तो फसवतो, म्हणजे चारचौघांत मालकाची मान खाली जाते.

थोडक्यात, जो कुत्रा शिकला तो नापास.

वेग कमी झालेला, पाय दुखावलेला, सशाकडे दुर्लक्ष करणारा आणि हा ‘जास्त शहाणा’ झालेला, अशा सगळ्यांचं पुढच्या हंगामापर्यंत काय करायचं? आठ महिने बसून खायला घालायचं? गाल्गोची धावण्याची उमेद जेमतेम दोन-तीन वर्षांची असते, पण आयुष्य दहा ते चौदा वर्षांचं. शिवाय एक चॅम्पियन मिळावा म्हणून पिल्लांच्या वेतावर वेतं काढली जातात, म्हणजे जुन्याची जागा घ्यायला नवा नेहमी तयार. अशा हिशोबात तीन वर्षांचा धडधाकट कुत्रा ‘जुना’ ठरतो. मराठीत ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आहे. इथे वैद्याच्या जागी गाल्गो आहे, एवढाच फरक.

फेब्रुवारीत काय होतं?

काही मालक कुत्रे स्वतःहून संस्थेकडे आणून देतात. निदान तेवढं तरी बरं. काही जण गाडीत घालून लांबच्या गावी सोडून येतात, म्हणजे परत यायला नको. वापरात नसलेल्या विहिरींत फेकलेले गाल्गो सापडलेत. झाडाला फास लावून मारलेले सापडलेत, आणि या एका गोष्टीनेच नव्वदच्या दशकापासून युरोपभरच्या प्राणिमित्रांचं लक्ष स्पेनकडे वेधलं. कुत्र्यांना मालकाच्या नावाची मायक्रोचिप मानेजवळ बसवलेली असते. रस्त्यावर सापडलेल्या काही गाल्गोंच्या मानेवर बरोबर त्याच जागी कापल्याची जखम असते. चिप काढली की मालक सापडत नाही.

सशाच्या पाठलागात फक्त गाल्गोच नाहीत. पोदेन्को नावाची आणखी एक जात आहे, उभ्या मोठ्या कानांची. तिच्या टोळ्या सशांच्या आणि मोठ्या जनावरांच्या शिकारीला वापरतात. गाल्गो दिसायला देखणा, फोटोत भाव खाऊन जातो, त्यामुळे त्याला घर मिळतं. पोदेन्को बिचारा मागे राहतो, असं बचाव संस्था कायम सांगत असतात.

असे किती कुत्रे दरवर्षी टाकून दिले जातात? इथे जरा थांबायला हवं. मोहिमेतल्या पोस्टर्सवर ५० हजार हा आकडा वर्षानुवर्षं दिसतो. शिकारी महासंघाला तो साफ अमान्य आहे. खरी अडचण अशी की गाल्गोंची पैदास किती होते, याचीच संपूर्ण नोंद कुठे नाही, मग टाकलेले किती हे कोण मोजणार? अफिनिटी फाउंडेशन ही संस्था दरवर्षी स्पेनमधल्या निवाऱ्यांचा अभ्यास करते. तिच्या अहवालानुसार २०२३ मध्ये २ लाख ८६ हजारांहून जास्त कुत्री-मांजरं निवाऱ्यांत दाखल झाली. यात सगळ्या प्रकारचे प्राणी आले. पण टाकून देण्याच्या कारणांच्या यादीत ‘शिकारीचा हंगाम संपला’ हे कारण वेगळं नोंदवावं लागतं, यातच सगळं आलं.

एका वाक्यासाठी भांडण

या सगळ्याविरुद्ध स्पेनमध्ये जी चळवळ उभी राहिली तिचं नावच ‘नो आ ला काथा’, म्हणजे ‘शिकारीला नकार’. फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्पेनमधल्या कितीतरी शहरांत एकाच दिवशी तिचे मोर्चे निघतात आणि युरोपातल्या इतर शहरांतही लोक जमतात. १ फेब्रुवारी हा ‘गाल्गो दिन’ म्हणूनच पाळला जातो. मोर्चात बचावलेले गाल्गो आपापल्या नव्या माणसांसोबत चालत असतात, अंगात रंगीत स्वेटर वगैरे घालून. इरेने ब्लान्केसचा ‘फेब्रेरो, एल मिएदो दे लोस गाल्गोस’ (फेब्रुवारी, गाल्गोंची भीती) आणि येराय लोपेस पोर्तियोचा ‘यो गाल्गो’ हे दोन माहितीपट याच विषयावर आहेत. ब्रिटिश फोटोग्राफर मार्टिन अस्बर्नने तर जिथे शिकारी कुत्रे टाकले जातात अशा जागा आणि बचावलेले कुत्रे यांचे फोटो काढून पुस्तकच केलं.

मोर्चे, फिल्म, फोटो यांचा परिणाम झाला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये स्पेनने कायदा बदलून ‘प्राणी म्हणजे वस्तू नव्हे, तो संवेदना असलेला जीव आहे’ हे मान्य केलं. पाठोपाठ प्राणी कल्याणाच्या मोठ्या कायद्याचा मसुदा आला. दुकानातून कुत्रे विकायला बंदी, घरातल्या कुत्र्याला २४ तासांपेक्षा जास्त एकटं ठेवायला बंदी, पैदास फक्त नोंदणीकृत लोकांनीच करायची, दंड थेट दोन लाख युरोंपर्यंत. बचाव संस्थांना वाटलं, जिंकलो.

आणि मग दुरुस्ती आली. सत्ताधारी समाजवादी पक्षाने सुचवलं, शिकारीचे कुत्रे यातून वगळा. आघाडीतल्या पोदेमोसचा याला विरोध होता. महिनोन्‌महिने खडाजंगी झाली. ‘तेच कुत्रे, तोच कायदा’ ही घोषणा याच काळात सगळीकडे घुमली. पण मार्च २०२३ मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा वगळण्याचं कलम त्यात होतंच. २९ सप्टेंबर २०२३ पासून हा कायदा लागू आहे.

याचा प्रत्यक्षात अर्थ काय? एकाच गल्लीत दोन गाल्गो आहेत असं समजा, अगदी सख्खे भाऊ. एक सोफ्यावर झोपतो, दुसरा शिकारीसाठी शेडमध्ये बांधलेला. पहिल्याला २४ तास एकटं ठेवलं तर या कायद्याने मालकाला दंड. दुसऱ्याला हा कायदा लागूच नाही. कुत्रा तोच, मालक त्याला काय म्हणतो त्यावर त्याचे हक्क ठरणार. छळ करून मारणं आणि टाकून देणं हे मात्र दंड संहितेखाली गुन्हेच आहेत, शिकारी कुत्र्याच्या बाबतीतसुद्धा. तेवढं संरक्षण शिल्लक आहे. पण दंड संहिता येते ती कुत्रा विहिरीत सापडल्यावर. पैदास किती करायची, कुठे आणि कसं ठेवायचं, निवृत्त कुत्र्याचं काय करायचं हे आधीचे प्रश्न नव्या कायद्यात सुटू शकले असते. नेमके तेच वगळले गेले.

समोरची बाजूही ऐका

गाल्गेरो म्हणजे सगळे खलनायक, असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचंही. महासंघाचं म्हणणं असं : आमच्यातले बहुतेक जण कुत्र्यांवर जीव लावतात, काही नालायकांमुळे सगळ्यांना झोडपलं जातं, आमचे चांगले गाल्गो चोरीला जातात आणि चोरच ते नंतर टाकून देतात, आणि शहरातल्या लोकांना गावातलं जगणं कळत नाही. या शेवटच्या मुद्द्यात राजकारणाची खरी ताकद आहे. २० मार्च २०२२ रोजी शेतकरी, पशुपालक आणि शिकारी संघटनांनी माद्रिदमध्ये मोर्चा काढला. सरकारी अंदाज दीड लाख माणसांचा, आयोजकांचा चार लाखांचा. रिकामी होत चाललेली गावं, शेतीचा वाढता खर्च असे खरेखुरे प्रश्न घेऊन लोक आले होते आणि त्यात ‘आमच्या शिकारीला हात लावू नका’ हेही होतं. ग्रामीण मतं कुणाला गमवायची असतात? दुरुस्तीचं मूळ इथे आहे.

म्हणूनच मोहिमेतल्या बऱ्याच जणांनी एक गोष्ट ओळखली आहे. गाल्गेरोंना राक्षस ठरवून कायदा बदलत नाही. वेतांची नोंद ठेवा, निवृत्त कुत्र्याची जबाबदारी मालकावर टाका, चिप काढली तर दंड करा, या मागण्यांना चांगल्या गाल्गेरोने का विरोध करावा? जो खरंच जीव लावतो त्याला यातून गमवायला काहीच नाही.

कायदा असला तरी…

बंदी आली की प्रश्न संपतो का? ब्रिटनकडे बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या टोळीने कोल्ह्याची शिकार करायला १८ फेब्रुवारी २००५ पासून बंदी आहे. त्यामागे दशकांची चळवळ होती. १९६३ मध्ये डेव्हनमधल्या ब्रिक्सम गावात ‘हंट सॅबोटर्स’ सुरू झाले. ही मंडळी शिकारीच्या दिवशी थेट रानात जायची, कोल्ह्याचा वास झाकणारे फवारे मारायची, शिकाऱ्यांसारखंच शिंग वाजवून कुत्र्यांना भलतीकडे न्यायची. कोल्ह्याला वाचवायचं, तेही कुत्र्याला इजा न करता, असा हा प्रकार.

पण बंदीनंतर ‘ट्रेल हंटिंग’ आलं. कोल्हा नाही, आधी पसरवलेल्या वासाच्या मागे कुत्रे सोडायचे, असं कागदावर. प्रत्यक्षात त्याआड खरी शिकार चालते, हा विरोधकांचा आरोप. २०२१ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ या मोठ्या जमीनधारक संस्थेच्या सभासदांनी याविरुद्ध मत दिलं आणि संस्थेने आपल्या जमिनीवर ट्रेल हंटिंगचे परवाने देणं थांबवलं. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये शिकार ही घोडे बाळगणाऱ्या उमरावांची ओळख आणि स्पेनमध्ये गाल्गो हा बऱ्याचदा साध्या शेतकऱ्याच्या अंगणातला. वर्ग वेगळा, देश वेगळा. पण टोळीत धावणं झेपेनासं झालेल्या फॉक्सहाउंडचं काय होतं, तर बहुतेकदा त्यालाही मारूनच टाकतात.

गाल्गोला घर शिकवावं लागतं

कायद्याचं घोडं अडलेलं असताना बचावाचं काम थांबत नाही. सेविलजवळची बेंजामिन मेनर्ट फाउंडेशन शेकडो गाल्गो सांभाळते. मेदिना देल काम्पो या गावातली ‘स्कूबी’ ही संस्था १९८७ पासून काम करतेय, तेही गाल्गो स्पर्धांच्या ऐन पट्ट्यात. मूर्सियामध्ये राहायला आलेल्या टीना सोलेरा या ब्रिटिश बाईंना रस्त्यावर हे कुत्रे दिसत राहिले आणि त्यातून ‘गाल्गोस देल सोल’ उभी राहिली.

‘रेस्क्यू’ हा शब्द रील्समुळे आपल्याला फार झटपट वाटतो. तीस सेकंदांत घाणेरडा कुत्रा, आंघोळ, इमोशनल गाणं, शेपटी हलली, लाइक करा. गाल्गोच्या बाबतीत पहिली पायरीच कधी कधी आठवडे खाते. घाबरलेला गाल्गो साठच्या वेगाने पळू शकतो, त्याच्यामागे धावून काही उपयोग नाही. रोज एकाच वेळी, एकाच जागी खाणं ठेवायचं. मग पिंजरा आणून ठेवायचा, उघडाच. मग खाणं पिंजऱ्याच्या आत. मग वाट बघायची.

सापडला की चिप तपासायची, जखमा, मोडलेली हाडं बघायची. मग रक्ततपासणी. भूमध्य समुद्राच्या पट्ट्यात गोचिडांमुळे होणारे आजार आहेत आणि वाळूमाशीमुळे होणारा लेश्मानिया आहे. आपल्याकडे बिहारमध्ये जो काळा आजार ऐकतो, त्याच कुळातला हा परजीवी. यावर उपचार लांबतात, कधी आयुष्यभर गोळ्या चालतात.

त्यानंतरचं काम आणखी वेगळं. शेडमध्ये वाढलेल्या गाल्गोने घर पाहिलेलंच नसतं. जिना चढायचा कसा हे त्याला माहीत नाही. काचेचं दार दिसत नाही, तो आपटतो. मिक्सर लागला की पलंगाखाली. काही गाल्गो पुरुषाचा आवाज ऐकून थिजतात, काही हातातल्या काठीला. अशा कुत्र्यासमोर लाड करत बसायचं नाही, तर त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर शांत बसायचं, असं स्वयंसेवकांना शिकवतात. अभ्यासाचं पुस्तक वाचा, मोठ्याने वाचा, मधूनमधून खाऊचा तुकडा मागे टाका. त्याला ठरवू दे कधी जवळ यायचं ते. (परीक्षेच्या काळात यापेक्षा भारी व्हॉलंटिअरिंग कुठलं?)

गाल्गोची मान त्याच्या डोक्यापेक्षा जाड असते, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढल्यावर सहज निसटतो. म्हणून रुंद, ओढल्यावर थोडा आवळणारा खास पट्टा आणि शिवाय अंगपट्टा, दोन्हींना दोर. नव्या घरात पहिल्या आठवड्यात पळालेला गाल्गो ही प्रत्येक संस्थेची सगळ्यात मोठी धास्ती असते.

स्पेनमध्ये दत्तक घेणारे वाढताहेत, तरी बरेच गाल्गो फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स, इटलीत जातात. रेबीजची लस, त्यानंतर २१ दिवसांची प्रतीक्षा, पेट पासपोर्ट आणि मग व्हॅनमधून लांबचा प्रवास. काही अमेरिकेतही जातात. तिथे जाणारा एखादा प्रवासी आपल्या तिकिटासोबत कुत्र्याची जबाबदारी घेतो. याला ‘फ्लाइट व्हॉलंटिअर’ म्हणतात. विमानतळावर एक अनोळखी माणूस कुत्रा सोपवतो, दुसऱ्या विमानतळावर दुसरा अनोळखी माणूस तो घेतो.

आणि घरात रुळल्यावर? साठच्या वेगाने पळणारा हा प्राणी दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतो. शांत, कमी भुंकणारा, एकदम आळशी. दत्तक घेणारे हसून सांगतात, आम्ही रेसर आणला आणि घरी लोळणारा निघाला.

पण सगळ्या संस्थांना एक गोष्ट माहीत आहे. पैदास तशीच चालू राहिली तर नळ उघडाच ठेवून बादल्या उपसण्यासारखं आहे हे. म्हणून निवारा चालवणारी माणसंच फेब्रुवारीत बॅनर घेऊन मोर्चात दिसतात. एका हाताने कुत्रा सांभाळायचा, दुसऱ्या हाताने कायद्याचा दरवाजा ठोठवायचा.

आपल्या अंगणात

हे सगळं लांबचं वाटतंय? गाल्गोचे चुलत भाऊ आपल्याकडेच आहेत. कारवानी आणि मुधोळ हाउंड, दोन्ही दख्खनचे, दोन्ही सडपातळ, नजरेवर शिकार करणारे. मुधोळच्या घोरपडे संस्थानाने या कुत्र्यांना नाव मिळवून दिलं. २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जातींचा उल्लेख केल्यावर मुधोळची चर्चा सगळीकडे झाली. चर्चा झाली की पिल्लांची मागणी वाढते, आणि माळरानावर धावायला घडवलेला कुत्रा वन-बीएचकेमध्ये येतो. वर्षभराने ‘सोफा फाडतो’, ‘मांजरामागे पळतो’ म्हणून त्याला द्यायला काढतात. इथे कारण शिकार नसून हौस असते, कुत्र्याच्या वाट्याला मात्र तेच येतं.

आणि शिकारही आहेच. आपला कायदा या बाबतीत स्पेनपेक्षा कितीतरी स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच कुत्रे मागे लावून पाठलाग करणं आणि तसा प्रयत्न करणंही धरलंय. म्हणजे ससा मेला नाही, निसटला, तरी गुन्हा होतोच. तरीही कुत्र्यांनी ससे पकडण्याचे व्हिडिओ सोशल मीडियावर बिनधास्त टाकले जातात, खाली ‘जबरदस्त भाऊ’च्या कमेंट्स. अशा वेळी एखाद्या भटक्या जमातीकडे बोट दाखवणं ही आपली जुनी सवय. व्हिडिओतला महागडा ग्रेहाउंड आणि मागची बाइक बघितली की कळतं, हा पोटाचा प्रश्न नाही, शौक आहे. आणि कुत्रा टाकून देण्याबद्दल १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. वडापावच्या दोन प्लेट.

मराठीत ‘ससेहोलपट’ हा शब्द आहे. कुत्रे मागे लागलेल्या सशाची जी दशा होते ती. स्पेनमधली गोष्ट वाचल्यावर कळतं की मागे धावणाऱ्या कुत्र्याची होलपटही काही कमी नसते. त्याला फक्त थोडी उशिरा सुरुवात होते.

मग आपण काय करू शकतो?

शिकारीचा व्हिडिओ दिसला तर संतापून शेअर करू नका. शेअर केल्याने शिकाऱ्याचे व्ह्यूज वाढतात. लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, ठिकाण कळत असेल तर नोंदवा आणि वन विभागाला कळवा. महाराष्ट्र वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६ आहे.

सकाळी टेकडीवर कुत्र्याला फिरायला नेत असाल तर दोर सोडू नका. ‘तो फक्त मज्जा करतोय’ हे आपल्याला वाटतं, समोरच्या सशाला किंवा मोराला नाही.

मुधोळ किंवा कारवानी पिल्लाच्या प्रेमात पडला असाल तर आधी त्याला रोज धावायला जागा आणि पुढची दहा-बारा वर्षं वेळ देता येईल का, हे घरच्यांसोबत बसून ठरवा. होस्टेलवर किंवा रूमवर राहत असाल तर उत्तर बहुधा ‘नाही’ असंच येईल, आणि ते प्रामाणिक उत्तर आहे. त्याऐवजी जवळच्या निवाऱ्यात रविवारी दोन तास द्या. घाबरलेल्या कुत्र्याकडे पाठ करून पुस्तक वाचायला तिथेही कुणीतरी हवंच असतं.

आणि परदेशात शिकायला जाणाऱ्यांसाठी एक. स्पेनमध्ये सेमिस्टर करायची संधी मिळाली तर फेब्रुवारीच्या सुरुवातीचा एक रविवार मोकळा ठेवा. स्वेटर घातलेले गाल्गो दिसले की त्या गर्दीत सामील व्हा. घोषणा तुम्हाला आता माहीत आहे.